पहाटे तीनची धडधड आणि "चिंताक्रांत होऊ नका"

आधी प्रश्न थोडक्यात सांगतो. चौतीस वर्षांच्या एका विश्वासी भगिनीचा आहे. नोकरीत बढती मिळाली, हाताखाली नऊ माणसं आली. तेव्हापासून, म्हणजे गेले सात-आठ महिने, बहुतेक रोज पहाटे तीनच्या सुमारास जाग येते, छाती धडधडते, हात फोनकडे जातो आणि मग उजाडेपर्यंत डोळा लागत नाही. फिलिप्पै ४:६, "कशाविषयीही चिंताक्रांत होऊ नका" हे वचन, तोंडपाठ आहे. अर्धा-पाऊण तास प्रार्थना करते, पण गुडघ्यांवरून उठते ती आधीपेक्षा जास्त घाबरलेली. मंडळीतल्या (चर्चमधल्या) एका वडिलांनी, म्हणजे ज्येष्ठ सेवकांनी, "विश्वास कमी पडतोय" असं सांगितलं, त्यामुळे आता भीतीच्या जोडीला अपराधीपणाही आहे. तिला विचारायचंय की विश्वास खरंच कमी आहे का, गोळ्या घेणं म्हणजे देवावर अविश्वास का, आणि पहाटे तीनला नेमकं करायचं काय. जाता जाता हेही विचारलंय, की गटप्रार्थना चालवायची जबाबदारी सोडून देऊ का.

ताई, मी वीसहून अधिक वर्षं पाळकीय समुपदेशन करतोय. आधी ईश्वरविज्ञान शिकलो, मानसशास्त्र फार नंतर. क्रम उलटा असता तर काही माणसांचा त्रास वाचला असता. सेवेच्या दुसऱ्याच वर्षी एक गृहस्थ असाच प्रश्न घेऊन आले होते. मी चिठ्ठीवर पाच वचनं लिहून दिली, डॉक्टर औषध लिहून देतात तशी. तीन आठवड्यांनी ते परत आले. चिठ्ठी खिशात होती, घड्या घालून घालून चिरली होती. म्हणाले, "पाचही पाठ झाली. आधी नुसती झोप लागत नव्हती, आता झोप लागत नाही याची लाजही वाटते." ती चिरलेली चिठ्ठी मी आजही विसरलेलो नाही. तुमच्या मंडळीतल्या त्या वडिलांवर म्हणूनच मी रागावणार नाही. त्यांच्या जागी मीही होतो.

आता विश्वासाचा प्रश्न. "कशाविषयीही चिंताक्रांत होऊ नका" हे प्रेषित पौलाने फिलिप्पैच्या मंडळीला तुरुंगातून लिहिलं, हे आपल्याला माहीत असतं. पण त्याच पत्राचा दुसरा अध्याय आपण घाईने वाचतो. तिथे तो एपफ्रदीताच्या आजाराबद्दल लिहितो. हा सहकारी मरता मरता वाचला, नाहीतर मला दुःखावर दुःख झालं असतं, असं तो मोकळेपणाने कबूल करतो आणि त्याला परत पाठवतोय म्हणजे माझं दुःख कमी होईल, असंही म्हणतो. हा काही दगडाच्या काळजाचा माणूस नव्हे. आणखी एक गोष्ट. मूळ ग्रीकमध्ये "चिंता करणे" यासाठी जे क्रियापद आहे, मेरिम्नाओ, तेच क्रियापद पौल आपला तरुण सहकारी तीमथ्य याची स्तुती करताना वापरतो: तुमच्याविषयी खरी काळजी करील असा त्याच्यासारखा दुसरा कोणी माझ्याजवळ नाही. आणि २ करिंथ ११:२८ मध्ये आपल्यावर रोज येणाऱ्या दडपणाचं नाव सांगताना तो त्याच धातूचं नाम वापरतो: सर्व मंडळ्यांविषयीची चिंता. म्हणजे "चिंताक्रांत होऊ नका" लिहिणाऱ्या माणसाला चिंता होती, रोज होती, आणि त्याने ती लपवली नाही. मराठीत "काळजी" या एका शब्दात घोर लागणंही येतं आणि जपणंही येतं, तसंच ते ग्रीक क्रियापद आहे. तुम्हाला त्या नऊ माणसांची काळजी आहे. ती पापाची यादी वाढवणारी गोष्ट नाही. तिने आपली जागा सोडून रात्रीच्या झोपेवर कब्जा केलाय, एवढंच बिघडलंय.

शरीराचा भाग वेगळा. छाती धडधडणं, तळहात घामेजणं, पोटात गोळा येणं हे धोक्याच्या इशाऱ्याला शरीराने दिलेलं उत्तर आहे. ते इच्छेवर चालत नाही आणि विश्वास मोजत नाही. गेथशेमाने बागेत, धरला जाण्याआधी, प्रभू येशूने काय म्हटलं ते मार्क १४ मध्ये वाचा: त्याचा जीव मरणप्राय खिन्न झाला होता. लूक घामाचं वर्णन करतो. (काही जुन्या हस्तलिखितांत लूकच्या त्या दोन ओव्या नाहीत हे खरं, पण मार्क आणि मत्तय यांचं वर्णनही पुरेसं बोलकं आहे.) प्रभूने तेव्हा तीन मित्रांना जवळ थांबायला सांगितलं आणि तीच प्रार्थना तीन वेळा केली. थरथर ही विश्वासाच्या विरुद्ध बाजूची खूण असती, तर तो प्रसंग शुभवर्तमानात आलाच नसता.

मला तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ वाटली ती ही: "प्रार्थना करून उठते तेव्हा जास्त घाबरलेली असते." इथे जरा थांबू. माझ्या अनुभवात चिंतेने त्रासलेल्या विश्वासी माणसांची खरी अडचण बहुतेक वेळा इथेच असते, आणि याबद्दल व्यासपीठावरून कोणी बोलत नाही.

तुम्ही अर्धा तास देवाशी काय बोलता? मी अंदाज करतो. "प्रभू, उद्याच्या बैठकीत आकडे चुकले तर? वरच्यांनी विचारलं तर? मला पदावरून काढलं तर घराचे हप्ते कोण भरणार? आई आजारी पडली तर?" वरचं संबोधन सोडलं तर ही प्रार्थना नाही. ही काळजीचीच उजळणी आहे, फक्त डोळे मिटून केलेली. मेंदूला कोण ऐकतंय याने फरक पडत नाही. तो अर्धा तास एकामागून एक संकटं पाहतो आणि त्याप्रमाणे छातीला कामाला लावतो. मग तुम्ही उठता ते दमून.

पौलाचं वाक्य पुन्हा बघा. तो म्हणतो, "आपली मागणी देवाला कळवा." मागणी हा शब्द महत्त्वाचा. चिंतेचं व्याकरण "तर?" असं असतं आणि मागणीचं "दे" असं असतं. "तर?"ला शेवट नसतो. एकाचं उत्तर मिळालं की दुसरं तयार. "दे" मात्र एका वाक्यात संपतं आणि संपल्यावर "आमेन" म्हणता येतं.

म्हणून मी लोकांना एक काम देतो. साधी वही घ्या, फोन नको. संध्याकाळी, झोपायच्या निदान दोन तास आधी, ठरलेल्या खुर्चीत पंधरा-वीस मिनिटं बसायचं. डाव्या पानावर काळज्या जशा येतील तशा, "तर?"सकट. उजव्या पानावर प्रत्येकीची मागणी करायची, एका ओळीत, "दे" किंवा "कर"ने संपणारी. "बैठकीत आकडे चुकले तर?" याची मागणी काय होईल? पहिल्या दिवशी लोक लिहितात, "आकडे चुकू देऊ नकोस." मी त्यांना पुन्हा लिहायला लावतो. हळूहळू ती अशी होते: "उद्या दुपारी तासभर आकडे तपासायला शांत डोकं दे, आणि चूक निघाली तर 'चुकलं' म्हणायचं धैर्य दे." आता यात तुम्हाला करण्यासारखंही काही निघालं. दुपारचा एक तास. तो लगेच दिनदर्शिकेत टाकायचा.

काही ओळींची मागणी होतच नाही. "आयुष्यात काहीतरी वाईट होईल" याची मागणी काय लिहिणार? तिथे डावीकडची ओळ तशीच ठेवून उजवीकडे फक्त "प्रभू, दया कर" लिहा आणि पुढे जा. धुक्याशी वाद घालत बसू नका.

मानसोपचारात ठरवून काळजी करण्याच्या वेळेची ही पद्धत १९८०च्या दशकापासून वापरात आहे. ती मी शोधली नाही. उजवं पान तेवढं माझं, आणि तेही खरं तर पौलाचंच. वेळ संपली की वही मिटायची. दिवसभरात काळजी आली तर तिला म्हणायचं, "संध्याकाळी ये." हे वेडगळ वाटतं, पहिला आठवडा जमतही नाही. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात जमायला लागतं.

प्रेषित पेत्र म्हणतो, आपली सारी चिंता त्याच्यावर, म्हणजे देवावर, टाका. "टाका" यासाठी त्याने वापरलेलं ग्रीक क्रियापद नव्या करारात आणखी एकाच ठिकाणी येतं. प्रभूच्या यरुशलेम प्रवेशाच्या वेळी शिष्यांनी आपली वस्त्रं शिंगरावर टाकली, तिथे, लूक १९:३५. मला हे चित्र फार उपयोगी पडतं. वस्त्र शिंगरावर टाकलं की ते शिंगरू वाहून नेतं, तुम्ही बाजूने चालता. वस्त्र तुमचंच असतं, ते नाहीसं होत नाही. वही मिटताना तळहात तिच्यावर ठेवून मी लोकांना हीच ओवी म्हणायला सांगतो. हाताला काहीतरी करायला मिळालं की सोडणं सोपं जातं.

आता पहाटे तीन. त्या वेळी लांब प्रार्थना करू नका. हे वाचून दचकलात तरी चालेल. तीनच्या अंधारात प्रत्येक "दे"चं पुन्हा "तर?" होतं. जाग आली की एकच छोटं वाक्य श्वासावर ठेवा. श्वास घेताना "प्रभू, तू इथे आहेस", सोडताना "मी तुझी आहे." सोडणारा श्वास घेणाऱ्या श्वासापेक्षा लांब असू द्या, मनात चार आकडे घेताना, सहा सोडताना. त्याने धडधड हळूहळू उतरते. ओघात सांगतो, श्वासागणिक छोटी प्रार्थना ही आधुनिक सोय नाही, पूर्वेकडच्या मंडळींत "येशूची प्रार्थना" शतकानुशतकं अशीच म्हटली जाते. वीसेक मिनिटांत झोप आली नाही तर उठा, दुसऱ्या खोलीत मंद उजेडात बसा, एखादं स्तोत्र हळू आवाजात वाचा. पेंग आली की परत. घड्याळ भिंतीकडे तोंड करून ठेवा.

आणि फोन रात्री शयनगृहाबाहेर. यावर मी तडजोड करत नाही. गजरासाठी साधं घड्याळ आणा. रानात इस्राएल लोकांना देवाकडून मान्ना हे अन्न मिळायचं ते एका दिवसापुरतं. उद्यासाठी साठवलं त्यात किडे पडले, असं निर्गम १६ सांगतं. शब्बाथाच्या (विश्रांतीच्या दिवसाच्या) आदल्या दिवशीचा दुप्पट वाटा तेवढा टिकायचा. प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेतल्या "रोजची भाकर आज दे" या मागणीमागे तीच शिस्त आहे. फोन पहाटे तीनला तुमच्या हातात उद्याचा, परवाचा आणि जगाच्या दुसऱ्या टोकाच्या माणसाचा वाटा एकदम ठेवतो. "ज्या दिवसाचे दुःख त्या दिवसाला पुरे" असं प्रभू म्हणाला, तेव्हा दुःख नसेलच असं त्याने सांगितलं नाही. त्याने प्रमाण ठरवून दिलं.

गोळ्यांबद्दल मी स्पष्ट बोलतो, कारण इथे गोलमोल उत्तरांनी माणसं खचतात. सात-आठ महिने, बहुतेक दिवस, झोपेवर परिणाम आणि दिवसा काम करताना थकवा: सहा महिन्यांहून जास्त चाललेल्या अशा चिंतेला डॉक्टर आजार म्हणून तपासतात. तुम्ही तपासून घ्याच. आधी साध्या डॉक्टरांकडे जा. थायरॉइड वाढलेलं असेल किंवा रक्त कमी असेल तर धडधड होते, आणि अशा माणसांना वर्षभर उपास-प्रार्थना करायला लावलेलं मी पाहिलंय. चहा-कॉफी किती होते तेही सांगा. मग गरज पडली तर मानसोपचारतज्ज्ञ. ते सात प्रश्नांची एक छोटी चाचणी देतील, तिचे गुण ० ते २१ असतात, १० किंवा त्याहून जास्त आले तर पुढे नीट तपासतात.

औषध लागलंच, तर चिंतेसाठी सहसा जी दिली जातात त्यांचा गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात. चौथ्या दिवशी "काही फरक नाही" म्हणून सोडू नका, आणि बरं वाटलं म्हणून स्वतःच्या मनाने एकदम बंदही करू नका. झटकन शांत करणाऱ्या दुसऱ्या प्रकारच्या गोळ्या असतात, त्यांची सवय लागू शकते, म्हणून त्या थोड्याच दिवसांसाठी देतात. हा फरक डॉक्टरांना विचारून घ्या.

हा अविश्वास नाही. पौलाने तीमथ्याच्या पोटाच्या तक्रारीसाठी आणि वारंवारच्या दुखण्यांसाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितला, जास्त विश्वास ठेव असं नाही सांगितलं. त्याच्या सोबतीला "प्रिय वैद्य लूक" होता. एलीया संदेष्ट्याची गोष्ट तर मी प्रत्येक पाळकाला पुन्हा वाचायला सांगतो. करमेल डोंगरावर एवढा विजय, आणि लगेच पुढच्याच अध्यायात तो रतामाच्या झुडपाखाली बसून मरण मागतोय. देवाचा दूत त्याला उपदेश करत नाही. झोपू देतो, उठवून भाकर आणि पाणी देतो, पुन्हा झोपू देतो, पुन्हा खायला देतो. "एलीया, तू येथे काय करतोस?" हा प्रश्न चाळीस दिवसांची वाट चालून झाल्यावर, होरेब डोंगरावर येतो. आपल्या मंडळ्यांत तो प्रश्न पहिल्याच मिनिटाला विचारला जातो.

एक सावधानी. एखादी प्रार्थना "बरोबर झाली नाही" म्हणून ती पुन्हा पुन्हा म्हणावीच लागत असेल, एखादं पाप कबूल करूनही दहादा कबूल करावंसं वाटत असेल, तर डॉक्टरांना हे मुद्दाम सांगा. ते नुसत्या चिंतेपेक्षा वेगळं दुखणं असू शकतं आणि त्याचा उपचारही वेगळा असतो. मठात असताना मार्टिन ल्यूथर आपल्या वरिष्ठांसमोर, श्टाउपिट्झ यांच्यासमोर, तासन्‌तास पापं कबूल करत बसायचा. असा त्रास थोरांनाही झालाय, पण थोरांना झाला म्हणून तो अंगावर काढायचा नसतो. आणि छातीत दुखून डाव्या हाताकडे कळ गेली, घाम फुटला, तर चिंता समजून बसू नका, लगेच दवाखाना गाठा. जगावंसं वाटत नाही असे विचार आले तर त्याच दिवशी कोणाला तरी तोंडाने सांगा आणि डॉक्टरांना भेटा. असे विचार आहेत असं तुम्ही लिहिलेलं नाही, पण मी हे प्रत्येकालाच सांगतो.

बढतीबद्दल एक गोष्ट तुम्ही ओझरती लिहिलीय: दोन बैठकांना तुम्ही "प्रार्थना करून" दुसऱ्याला पाठवलंत. चिंता टाळण्याने वाढते. टाळलं की त्या क्षणी बरं वाटतं, आणि मेंदू शिकतो की धोका खराच होता. पुढची बैठक आणखी मोठी दिसते. प्रार्थना करून बैठकीला जा, प्रार्थना करून बैठक चुकवू नका. पहिल्यांदा दहा मिनिटं आवाज कापेल. तो तितकाच वेळ कापतो, मी स्वतः व्यासपीठावर मोजलंय.

फिलिप्पै ४:६ मधल्याच "आभारप्रदर्शनासह" या शब्दाचा लोक फार छळ करतात. दुःखाबद्दल आभार मानायचे नसतात. दिवसातल्या एका नेमक्या गोष्टीबद्दल मानायचे: आज अमक्याने माझं काम न सांगता उचललं, दुपारी पाच मिनिटं ऊन अंगावर आलं. उजव्या पानाच्या तळाशी एक ओळ. बस.

शांती कधी येईल, हे मला सांगता येणार नाही. पण "देवाची शांती तुमची अंतःकरणे राखील" यातलं "राखील" हे लष्करी क्रियापद आहे, पहारा ठेवणे अशा अर्थाचं. फिलिप्पै ही रोमी वसाहत, तिथे निवृत्त सैनिक वसवलेले, त्यांना ते लगेच कळलं असणार. पहारा बसवतात तो आसपास धोका असतो म्हणून. आत शांती आणि बाहेर धडधड एकाच वेळी असू शकते. कधी बराच काळ असते. स्तोत्र ८८ अंधारातच संपतं, शेवटी उजेडाची एकही ओळ नाही, आणि तरी ते उपासनेच्या पुस्तकात आहे. तुमच्या गटात ते कधी मोठ्याने वाचलंय का?

मंडळीतल्या त्या वडिलांना काय सांगायचं? वाद नको. एवढंच म्हणा: "मी डॉक्टरांना दाखवतेय, तुम्ही माझ्यासाठी रोज दोन मिनिटं प्रार्थना करा, आणि पुढच्या महिन्यात मला विचारा की झोप कशी आहे." माणसाला नेमकं काम दिलं की सल्ले कमी होतात. शिवाय एक मैत्रीण निवडा, जी उत्तरं देत नाही. गेथशेमानेत शिष्य झोपले, तशी तीही कधी झोपेल. तरी निवडा.

गटप्रार्थना सोडू नका. प्रसिद्ध इंग्रज उपदेशक चार्ल्स स्पर्जन २२ वर्षांचे असताना, १८५६ मध्ये, लंडनच्या एका सभागृहात त्यांच्या उपासनेत कोणीतरी "आग!" अशी खोटी आरोळी ठोकली आणि चेंगराचेंगरीत ७ माणसं गेली. पुढे आयुष्यभर त्यांना खिन्नतेचे झटके येत राहिले आणि ते त्याबद्दल उघडपणे बोलले. त्यांनी उपदेश करणं सोडून दिलं नाही, पण ते विश्रांतीलाही जात. तुम्हीही महिन्यातून एक आठवडा दुसऱ्याला चालवू द्या, भीतीमुळे नाही, आधीच ठरवून. बाकीचे आठवडे तुमचे. या वेळी प्रार्थना आयत्या वेळी सुचेल म्हणून थांबू नका, आदल्या संध्याकाळी उजव्या पानावर लिहून न्या, आणि हात थरथरायला लागले तर वही मांडीवर ठेवून वाचा.